रिकामा रकाना

उणे ऐंशीच्या कपाटातून
मारेट एक नळी काढते. हातमोज्यावर वाफ.
स्त्री, वय एकसष्ट, रक्तद्रव, हीउमा बेट.
उपाशीपोटी? कोरं.
काढल्यापासून गोठवेपर्यंतचा वेळ? कोरं.

यंत्रानं आकडा तर दिलाय, भलताच चढा.
आता याला आजार म्हणायचं
की नुसतं ताटकळणं?

तार्तूत बर्फ भुरभुरतंय. ती फोन लावते
हेल्वेला. वीस वर्षांपूर्वीची नर्स, आता कान जड.
"किती तास?"
"तास कोण मोजतंय गं!
समुद्र गोठलेला, बोट अडकलेली.
डबा पायांत धरून बसले गाडीत,
हीटर बंद ठेवून. ड्रायव्हर शिव्या घालत होता.
अंधारल्यावर भोंगा वाजला एकदाचा."

"आणि ती बाई? काही खाऊन आली होती?"

"तळघरातलं सफरचंद होतं तिच्या खिशात.
सुईला घाबरली, म्हणून अर्धं मीच खायला लावलं.
अर्धं तिनं मला दिलं.
कशी आहे गं ती?"

मारेटसमोर बारा आकडे आहेत.
नाव दुसऱ्या कुलपात, किल्ली तिसऱ्याकडे.
"ते आम्हाला कळत नाही," ती म्हणते.

उपाशीपोटी: नाही.
मग त्या जानेवारीचा सूर्यास्त शोधते,
त्यात बोटीचे, रस्त्याचे तास मिळवते,
दहा लिहून पुढे प्रश्नचिन्ह.
रकाना प्रश्नचिन्ह घेत नाही.

फोन अजून चालूच.
"आंबट होतं," हेल्वे सांगतेय,
"पण रसाळ. तेही लिही."