वीस फूट

टॉडमॉर्डनच्या बाजारात, चीजवाल्याच्या शेजारी,
चष्म्याच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत
मिस अ‍ॅक्रॉइड माझ्या डोळ्यात एवढा उजेड सोडते
की मला माझ्याच डोळ्यातल्या शिरा दिसतात,
पानं गळालेल्या झाडासारख्या.

'तुमची पापणी लवत नाही,' ती म्हणते.
मला हसू येतं. आमच्याकडे लवली तर घोर लागतो.
उजवी की डावी, बाईची की पुरुषाची,
पाहुणा येणार की पैसा जाणार.
न लवण्याचा शकुन कुणी सांगून ठेवलेला नाही.

'फोन किती तास बघता?'
मी निम्मे सांगते.
उरलेले तिला बुबुळावर दिसतच असणार.

नऊ तास मी हरवलेली पार्सलं शोधते.
लीड्सचे बूट, रॉचडेलची सायकल,
कुणाच्या तरी कुत्र्याची राख.
मोहरीएवढ्या अक्षरांत माणसं माझ्यावर ओरडतात
आणि मी मोहरीएवढ्या अक्षरांत माफी मागते.
मग काम संपलं की विसावा म्हणून
तोच फोन, अंथरुणात, अंगठ्याने
वर, अजून वर, विहीर उपसावी तशी.
म्हणे डोळ्यांत तेल घालून जागावं.
तेल राहू दे, इथे पाणीसुद्धा उरलं नाही.
भुवयांच्या मध्ये ठणका, पापण्यांखाली वाळू,
आणि डोळ्याला डोळा लागत नाही.

'दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी बघा,
वीस सेकंद.'
पाढा म्हणावा तसं ती म्हणते
आणि बिल देते.

घरात वीस फूट नाहीत.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा, तेही पलंग धरून.
म्हणून मागची खिडकी.
मागची गल्ली, कचऱ्याचे डबे, काळा ओला दगड,
पलीकडे मिस्टर हॉर्सफॉलचं स्वयंपाकघर.
टेप लावून मोजलं नाही. असतील वीस.

पहिले काही दिवस फक्त किटली.
मग किटलीमागे म्हातारा.
एकच कप, तोही विसळून पुन्हा तोच.
साडेदहाला तो खुर्चीत बसायचा, मान मागे टाकायचा,
आणि थोड्या वेळाने गालावरून, मिशीवरून
रुमाल फिरवायचा.
रोज. साडेदहाला.
मी काणाडोळा केला. दुसऱ्याच्या रडण्याचे
वीस सेकंद मोजणं बरं दिसत नाही.
छपराकडे बघू लागले. छपरावर कबूतर होतं.

गुरुवारी त्याच्या हातून काहीतरी पडलं
आणि तो टेबलाखाली चाचपडत राहिला,
वीस सेकंद झाले, चाळीस झाले,
माझ्या हातातला फोन विझला.

गल्ली ओलांडायला सात पावलं लागली, सपातांसकट.

फ्रिजखाली इवलीशी बाटली सापडली.
'काचबिंदू,' तो म्हणाला, 'हात थरथरतो माझा.
डोरीन घालायची थेंब. आता निम्मे कॉलरला जातात.'
मग माझ्याकडे निरखून,
'खिडकीतली तूच ना? लाल डोळ्यांची?
रोज उभी असतेस. मला वाटलं, घरी कुणी गेलं तुझं.
विचारणार होतो. राहून गेलं.'

मी काय सांगणार? पार्सलं?

त्याने मान मागे टाकली.
ज्या अंगठ्याला फक्त वर सरकवायची सवय
त्याने मी त्याची खालची पापणी हळूच खाली ओढली.
कागदासारखी होती, कोमट.
'वर बघा,' म्हटलं. त्याने बघितलं.
त्या फिकट निळ्या डोळ्यात खिडकी होती,
खिडकीत माझं घर असणार,
इतक्या जवळून मला दिसेना.

थेंब लोंबत राहिला बाटलीच्या टोकाशी,
मग सुटला.
त्याची पापणी लवली. माझीही.

खिशात फोन थरथरत होता.
रॉचडेलची सायकल सापडली असेल.
'आता दुसरा,' तो म्हणाला.