डागापुरती जागा

सर्किटची पहिली पाटी सात आठवडे टिकली.
नाखवा खमीसने ती परत आणली रुमालात बांधून,
मेलेली चिमणी आणावी तशी.
तांब्याच्या रेघा हिरव्या, फुगलेल्या,
एक तर मधेच खाऊन टाकलेली.
"पंप झोपला," तो म्हणाला, "मी नाही झोपलो."
सूरच्या खाडीत रात्रभर बादलीने
होडीतलं पाणी उपसत होता साठीतला माणूस.

मी तांबटाचा मुलगा. कळकणं मला कळतं.
कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं
की बाप शिव्या द्यायचा, गिऱ्हाइकालासुद्धा.
तो तांबं ठोकून मठार उठवायचा.
मी तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवतो
आणि उरेल त्याला सर्किट म्हणतो.
हे त्याला कधी नीट सांगता आलं नाही.

तर आता मास्क.
हिरवी पेस्ट, सिरिंजमधून, हरभऱ्याएवढी.
वर पारदर्शक फिल्म,
आणि मुदत संपलेल्या माझ्या रेसिडेंट कार्डाने
मधून कडेकडे ओढत न्यायची, श्वास धरून.
कार्डावरचा माझा फोटो
हनुवटीपर्यंत हिरवा झालाय.
एक बुडबुडा राहिला
तरी समुद्राला तेवढं दार पुरतं.

आधी ऊन वापरून पाहिलं. गच्चीवर, जूनमध्ये.
इथलं ऊन काळ्या शाईला जुमानत नाही.
झाकलेलंही भाजून काढलं त्याने,
पाटी आंधळी झाली, डाग कुठेच धरेना.
मग खालच्या सलूनमधल्या मॅरिविकने
नखं सुकवायचा दिवा दिला,
शुक्रवारी, नमाजाच्या वेळेपुरता.
दोन फिल्म एकावर एक,
ठिपक्यावर ठिपका,
जांभळा उजेड, चार मिनिटं.

नंतर स्पिरिटचा बोळा.
ठिपक्यांखालचं ओलं हिरवं पुसून निघतं
आणि छत्तीस जागी तांबं वर बघतं,
नुकत्या घासलेल्या गडव्यासारखं गुलाबी.
बाकी सगळं झाकायचं.
डाग लागायचा तेवढंच उघडं,
आणि तिथे कणही नको.

व्हिडिओवर बहीण विचारते, बरा आहेस ना.
खोकला झाकतो. अडलेला पगार झाकतो.
मग ती म्हणते, नखांत काय रे हिरवं?
आणि मी अर्धा तास बोलत राहतो,
जेवण गार होतं, तिचंही.

एक तुकडा पूर्ण माखून
ग्लासात ठेवला, खाडीच्याच पाण्यात.
चार दिवस काही नाही.
पाचव्या सकाळी कोपऱ्यात
सुईच्या टोकाएवढा कळंक.

नाखव्याला सांगितलं, अजून एक शुक्रवार.
तो काही बोलला नाही.
बादली उचलून
तिची कडी तेवढी हलवून पाहिली.