जड हात

फोन उभा राहतो साबुदाण्याच्या डब्याला टेकून,
दोन रबरं, एक कपड्यांचा चिमटा.
खाली काळं कार्डशीट. ते मेहेकनं आणलं,
समोरच्या खोलीतली, नववीत आहे;
म्हणाली, काका, पांढऱ्यावर तिकिटाचे दात दिसत नाहीत.
तिकिटाला दात असतात हे तिला मीच सांगितलेलं,
पहिल्या व्हिडिओत. तो सतरा जणांनी पाहिला.
त्यातले चार घरचे,
आणि एक मी.

सकाळी सात ते सव्वासात गॅलरीतून उजेड येतो,
तेवढाच आपला. मग तो टॉवरवाल्यांचा.
पंखा बंद. कुकर बंद. सुलभा दळण घेऊन खाली.
कचऱ्याची गाडी आली की थांबायचं,
तिचं गाणं संपेपर्यंत चिमटा हवेत.
नमस्कार मंडळी. मी गजानन पालशेतकर,
पंतनगर, घाटकोपर.
चेहरा दाखवत नाही. नुसते हात.
बघणाऱ्याला वाटावं, ह्या हातांनी जन्मभर
नाजूकच कामं केली.

एकतीस वर्षं मी शिक्का मारला.
गादीवर एक, पाकिटावर एक,
गादीवर एक, पाकिटावर एक,
मिनिटाला साठ, हात बसल्यावर नव्वद.
तिकीट म्हणजे काय, तर रद्द करायची जागा.
त्यावर मोर आहे की धरण
हे बघायला वेळ कुणाला होता.
साहेब म्हणायचे, पालशेतकर, शाई सरकारी आहे, हात तुझा आहे,
दोन्ही जपून वापर.
मी दोन्ही वापरले.

आजचा विषय, तिकीट पाकिटावरून सोडवणे.
ताटलीत कोमट पाणी. ओढायचं नाही,
डिंकालाच कंटाळा येऊ द्यायचा.
माल जीपीओसमोर झाडाखाली बसणाऱ्या शामजीभाईंकडचा,
शंभर ग्रॅम ऐंशी रुपये, चांगलं निघालं तर नशीब.
एक सुटलं, पालथं तरंगलं.
मी ते उताणं केलं, फोनपुढं धरलं
आणि रोजच्यासारखा बोलू लागलो:
साठ पैसे. पक्षी असावा,
चोच तेवढी शिक्क्याबाहेर राहिलीय.
मंडळी, अशा तिकिटाला काडीची किंमत नसते.
ज्यानं हा शिक्का मारला त्याला कुणीतरी
सांगायला हवं होतं की

तिथं फोकस हलला. आधी माझ्या नखावर गेला,
मग परत आला, आणि मी वाचलं.
काळबादेवी. एकोणीस, आठ, सत्त्याऐंशी.
महिन्याच्या इंग्रजी आठाचं खालचं पोट फुटलेलं.
तो खिळा माझ्याच हातून फरशीवर पडला होता.
नवा मागवतो म्हणाले.
पुढं किती वर्षं, ऑगस्ट महिनाभर
फुटका आठ देशभर जायचा.

एकोणीस ऑगस्ट. वार कुठला? कुणावर चिडलो होतो,
की जेवायच्या सुट्टीआधीचा नुसता गठ्ठा?
काही आठवत नाही. हाताला आठवतं बहुतेक,
मनगटापासून कोपरापर्यंत एक कळ जाते,
तेव्हाचीच असावी.
ताटलीत पाकिटाचा तुकडा राहिला होता,
त्यावर तिकिटाशेजारी कुणीतरी
निळ्या शाईत लिहिलेलं, ‘आत फोटो’.
‘आत’ पाण्यात पसरून गेलं.
‘फोटो’ जरा टिकला.

संध्याकाळी मेहेक कापाकापीला बसली.
काका, इथं तुम्ही बोलता बोलता थांबलात,
चाळीस सेकंद नुसतं पाणी हलतंय. उडवू?
तिकीट तोवर जुन्या पंचांगात वाळत होतं,
पालथं, वर पाटा ठेवून.
म्हटलं, राहू दे.
कचऱ्याच्या गाडीचा आवाज आलाय का
तेवढं बघ.