वजाचं चिन्ह

आटपाडीच्या शाळेत लोकरीचं फडकं नव्हतं.
एबोनाइटचा दांडा तेवढा होता, कपाटात, वर्षानुवर्षं.
मायाक्का लवटेनं दुसऱ्या दिवशी
बापाचं घोंगडंच आणलं खांद्यावरून:
मेंढरांचा वास, चिंचोक्याची खळ,
काठात रुतलेलं एक कुसळ.

जानेवारी. हवा खडखडीत.
दांडा घासला, दहा वेळा, बारा वेळा,
आणि कागदाचे कपटे उठले टेबलावरून
घंटा झाल्यावर पोरं उठतात तसे.

मी सांगितलं, नवं काही तयार होत नाही.
लोकरीतले इलेक्ट्रॉन सुटतात,
दांड्यावर जाऊन बसतात.
ज्याच्याकडे जास्त झाले, तो ऋण.
जिचे गेले, ती लोकर धन.

"उलटंच हाय की, बाई.
ज्याला मिळालं, त्यो उणा कसा?"

खडूची आडवी रेघ फळ्यावर.
नावं आधी पडली, इलेक्ट्रॉन मागून सापडला,
असं काहीतरी सांगणार होते मी.
तोवर ती घोंगड्याची घडी घालू लागली.
चट्. बोट झटकलं तिनं, हसली.
"देणं ऱ्हायलं न्हवं त्याच्याकडं. म्हून ऋण."

घोंगडं गेलं मेंढरांमागं.
दांडा टेबलावर.
एक कपटा अजून
सोडत नव्हता त्याला.