कच्चा टाका

रात्रीचे साडेनऊ. फतेगंजच्या लॅबमध्ये
जुना फ्रीजर घोरतोय.
काचपट्टीवर जांभळा रंग, त्याखाली
सुमली राठवाचं रक्त.
वय नऊ, गाव बोडेलीच्या पलीकडे.
सुई टोचली तेव्हा रडली नाही,
फक्त विचारलं, "हे परत देणार ना?"

रक्तपेशीच्या उंबऱ्यावर तो जंतू थबकतो,
अंगातला कोट उतरवतो, आत घुसतो.
त्या टाकलेल्या कोटाची मापं घेण्यात
माझी सहा वर्षं गेली.
दर गावात कापड वेगळं, वीण वेगळी.
पण गळ्याशी एक तुकडा, बटणाएवढा,
अंगालाच चिकटून आत जातो;
तो फारसा बदलत नाही.

अण्णा दांडिया बाजारात कपडे शिवायचे.
गिऱ्हाईकाचं तोंड विसरत, कॉलर नाही.

आज सुमलीच्या रक्ताला तेवढाच तुकडा दाखवला.
सातवी वाटी पिवळी पडली.
फिकट. हळदीचं बोट लागावं इतपत.
ओळखलं तिनं?
शेजारची कोरी वाटीही जराशी पिवळीच दिसते,
की हा ट्यूबलाइटचा दोष.

वहीत पेनानं लिहायला हात धजत नाही,
पेन्सिलनं लिहिते.
अण्णा म्हणाले असते, आधी कच्चा टाका घाल,
मग बघू.