बंदर बंद

आजही सामुद्रधुनी बंद.
धक्क्यावर लाल बावटा, आणि तिकिटाच्या खिडकीतला ओयार्सून
मान वर न करता म्हणतो, "उद्याचंही सांगत नाही."

आमच्या गावाचं नाव पोर्व्हेनिर.
अर्थ: येणारा काळ.
ज्यानं ठेवलं त्याला त्या दिवशी वारा लागला नसावा.

पलीकडे पुंता अरेनास, इस्पितळाचा तिसरा मजला,
यास्नाची खोली. आठ महिने आम्ही तिच्या यादीत होतो.
आठ महिन्यांत मेंढ्या व्याल्या, कातरून झाल्या,
दोन कोकरं कोल्ह्यानं नेली,
मी न्हाणीघराच्या दाराची कडी स्क्रू काढून खिशात ठेवली
आणि घरात कुणी काही विचारलं नाही.
नेल्दा रोज रात्री सुऱ्या मोजायची,
चमचे मोजतेय असं दाखवत.
पोर जेवलं का, पोर निजलं का,
पोर आज बोललं का काही.
त्या एका टिंबाआड मी आठ महिने लपून काढले.

पहिल्या भेटीत मी विचारलं, बरं कधी होईल?
यास्ना म्हणाली, "काय बरं व्हायला हवंय?"
माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते तोंडापर्यंत आलं,
तिथं त्याला चव राहिली नाही.
म्हटलं, झोप. आणि भूक.
तिनं दोन्ही लिहून घेतली.
मग पोराला विचारलं, तुला कोणत्या नावानं हाक मारू,
आणि फायलीवर पेन्सिलीनं लिहिलं: एलिसेओ.
माझी परवानगी मागितल्यासारखं नाही,
मला डावलल्यासारखंही नाही.
जसं आपण विचारतो, साखर किती.

ते नाव मला अजून रुळत नाही.
कुरणात म्हणून बघतो, वाऱ्याकडे पाठ करून.
एक म्हातारी मेंढी तेवढी वळून पाहते.

एरवी दोन तास बोट, मग चढण,
पंचेचाळीस मिनिटं, आणि परत दोन तास.
येताना पोर डेकवर उभं राहतं.
डॉल्फिन दिसले तर हाक मारत नाही,
माझी बाही ओढतं.

आज बोट नाही म्हणून फोनवर.
घरच्या भिंती पातळ, रेंज फक्त धक्क्यावर,
म्हणून ट्रक धक्क्यावर.
"बाबा, आत बसलास तरी चालेल," पोर म्हणालं,
पण ते कसं म्हणालं, तेही मी ऐकलं.
खाली उतरलो.

वारा असा, की टोपी गेली ती अर्जेंटिनात गेली.
मी आरशाचा दांडा धरून उभा.
काचेतून ओठ दिसतात, शब्द नाहीत.
एकदा हसलेलं दिसलं.
एकदा कपाळ डॅशबोर्डवर टेकलेलं, बराच वेळ.
माझा हात दाराच्या मुठीवर गेला
आणि मी तो परत आणला.
एवढं जड काही मी उचललं नव्हतं,
आणि मी पाण्यात भिजलेले मेंढे उचलले आहेत.

पलीकडच्या शहरात वाऱ्याच्या दिवसांत
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
दोर कुणाला ओढत नाही.
कुठे निघालास, विचारत नाही.
हाताच्या उंचीवर असतो, एवढंच.

पंचेचाळीसची साठ झाली.
दार उघडलं. डोळे सुजलेले, चेहरा धुतल्यासारखा.
मी चढलो. बोटं किल्लीभोवती वळेनात.
"दमलास?" मी विचारलं.

शब्द गेल्यावर मला ऐकू आला.
त्यालाही आला असावा.
तो समोर बघत राहिला, पाण्याकडे,
जिथून आज काही येणार नव्हतं.
मग त्यानं हीटरची जाळी
माझ्या हातांकडे वळवली.