बीड

फॉलकर्कच्या ओतशाळेत बाबा साच्यात वाळू दाबायचे.
काळी, ओलसर. मुठीत आवळून मूठ उघडायची,
बोटांचे ठसे राहिले तर साचा धरेल.
छत्तीस वर्षं. न्हाणीचे टब, चुली,
आणि गटारांची झाकणं, ज्यांवरून
कुठल्या कुठल्या शहरांत लोक खाली न बघता चालतात.

घडीव लोखंड वेगळं, ते सांगायचे.
ते घण खातं, वाकतं, ऐकून घेतं.
बीड एकदाच ओतायचं.
निवलं की निवलं.

गावालाही पटलं होतं:
आर्ची मशेटचं पोट बिडाचं, खिळे पचवेल.
आर्ची मशेटचा शब्द बिडाचा,
काळ्या दगडावरची रेघ.

संपाच्या सातव्या आठवड्यात लॅकलन
मागच्या फाटकानं कामावर गेला.
त्याची बायको पोटुशी होती, ते कुणी विचारलं नाही.
या घरात त्याचं नाव नको, बाबा म्हणाले.
अकरा वर्षं.
शेजारच्या कुत्र्यालाही आई हाक मारीना,
त्याचं नाव लॅडी होतं.

फेब्रुवारीत कॉर्बीहून फोन आला. सून बोलत होती.
बाबांनी उभ्यानंच ऐकलं. 'बरं,' म्हणाले.
मग चुलीवरचा तापलेला तवा उचलून
गार नळाखाली धरला.

टण्.

ज्यानं आयुष्यभर बीड ओतलं
त्याला हे ठाऊक नव्हतं
असं मला कुणी सांगू नये.

डेनीला एक म्हातारा आहे, ड्रमंड. तडे सांधतो.
बीड डागत बसू नये, म्हणाला, शेजारी नवा तडा जातो.
टाके घालावेत, थंडपणी, लोखंडाचेच.
पण आधी
तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडायचं.
का?
थांबायला जागा लागते त्याला. नाहीतर जातच राहतो.

तवा घेऊन परतले तेव्हा बाबा
कोट घालून पायरीवर बसलेले.
'कॉर्बीची बस कितीला?'
सकाळी, मी म्हटलं.
त्यांनी कोट काढला नाही.

तो तवा आता माझ्याकडे आहे.
ओटची भाकरी भाजली
की तिच्या पाठीवर एक रेघ उमटते,
जरा वाकडी.
लॅकलनची मुलगी तेवढाच तुकडा आधी मोडून घेते.